साळू कशापुढे बसली

२००२ साल. दिवाळीला अजून महिना होता, पण परदेशी पार्सलांच्या आमच्या गोदामात ती केव्हाच येऊन ठेपली होती. मांजरपाटात शिवलेली, लाखेचं सील लावलेली पार्सलं छतापर्यंत रचली होती आणि सगळ्या गोदामाला चकलीच्या भाजणीचा वास सुटला होता. मुलगा न्यू जर्सीला, सून मेलबर्नला, लेक मस्कतला. आई मात्र इथे, आणि तिचे बेसनाचे लाडू सीमाशुल्काच्या हद्दीत, आमच्या ताब्यात.

अशा त्या वासाच्या दर्यातून साळू चालत आली. साळू म्हणजे आमच्या पथकातली लॅब्राडोर कुत्री, पिवळसर, जरा जाडच. सरकारी कागदोपत्री तिचं नाव सँडी होतं. तिचा हवालदार हणमंत घोलप माणदेशातला. त्याला ते नाव तोंडात धरवेना, म्हणून त्याने तिची साळू केली आणि तीही त्याच नावाला ओ द्यायला लागली. घोलपच्या हातात तिचा पट्टा सैल होता. भिंतीलगत आमचे देवस्थळी साहेब उभे होते, त्यांच्या शेजारी दिल्लीहून आलेले दोन अधिकारी, आणि एका टोकाला मी आणि माझी मदतनीस इंदू परुळेकर, दोघी पांढऱ्या कोटात, हात मागे बांधून.

रांगेतल्या एका पार्सलात दिल्लीकरांनी स्वतः आणलेला नमुना लपवला होता. कोणत्या, ते फक्त त्यांनाच ठाऊक. साळूने तो हुंगून काढायचा आणि त्याच्यापुढे बसायचं. भुंकायचं नाही, ओरबाडायचं नाही, नुसतं बसायचं.

साळू रांगेच्या मध्यापर्यंत आली, एका गोल पार्सलापाशी थबकली, शेपटी ताठ झाली आणि ती अशी काही बसली की एखाद्या शाळेच्या गणवेशातली मुलगी वाटावी. घोलपचा चेहरा उजळला. इंदूने माझ्या कोपराला चिमटा काढला. साहेबांनी मानेने खूण केली, शिवण उसवली गेली, आतून वर्तमानपत्र निघालं, प्लॅस्टिकची पिशवी निघाली आणि पिशवीतून निघाला मालवणी मसाला. सोबत सुकट आणि आमसुलं. कुडाळच्या कुणा माउलीने मस्कतच्या लेकीला पाठवलेला.

पहिली शिंक दिल्लीच्या उंच अधिकाऱ्याला आली. मग दुसऱ्याला. मग सगळं गोदाम शिंकायला लागलं, आणि शिंका थांबल्यावर हसायला लागलं. हसू ओसरलं तेव्हा उंच अधिकाऱ्याने शांतपणे सांगितलं की खरा नमुना तीन पार्सलं आधी होता. साळू त्याच्यावरून सरळ चालत आली होती.

हे असं का महत्त्वाचं होतं, ते आता सांगते.

मी तेव्हा बंदराच्या आवारातल्या छोट्या प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ होते. वसुधा टिपणीस, वय बावन्न. आयुष्यभर मी अफू, चरस आणि गर्द तपासत आले होते. ती सगळी ओळखीची माणसं होती म्हणा ना, रसायनाचा थेंब टाकला की रंग बदलून सांगायची, कोण आहे ते. पण त्या दोन वर्षांत नवं काहीतरी चालू झालं होतं. गुण अफूचा, पण अफूच्या शेताशी काही नातं नाही. कारखान्यात तयार होणारी पांढरी भुकटी. फेंटानिल आणि त्याची भावंडं. ताकद एवढी की मिठाच्या चिमटीएवढ्यात कित्येक माणसं संपावीत. त्यामुळे पाठवणाऱ्याला पोती लागत नाहीत, पाकीट पुरतं. आमच्या जुन्या तपासण्यांना ती सापडत नव्हती आणि भुकटीचे कण हुडकायच्या नव्या यंत्राला फक्त तीच नावं येत होती जी त्याला आधी शिकवली होती. दोन देशांतून आमच्याकडे विचारणा आली होती की तुमच्या बंदरातून गेलेल्या पार्सलांमुळे आमची पोरं मरताहेत, तुम्ही काय करता?

मग मी सुचवलं की कुत्र्याला शिकवून बघू. औषध कंपनीकडून शुद्ध, अत्यंत सौम्य द्रावण मागवलं, ते जाळीच्या कापडावर सुकवलं, म्हणजे हुंगणाऱ्या जिवाला धोका नाही, आणि शेजारी पशुवैद्य उताऱ्याचं इंजेक्शन घेऊन बसलेले. चांगला कुत्रा आम्हाला कोण देणार? ज्याची कुणाला गरज नव्हती तो मिळाला. साळू चरसाच्या पथकातून बाहेर पडली होती, कारण चरसापेक्षा तिला फुलपाखरं जास्त आवडायची. तिच्याबरोबर घोलपलाही पाठवलं. तो गोदामाच्या फाटकावर पहारा करत होता. त्याला माणसांपेक्षा जनावरांशी बोलायला जास्त यायचं, म्हणून त्याला बाजूला काढून तिथे ठेवलेला.

पहिल्या परीक्षेनंतर साहेबांनी आम्हाला खोलीत बोलावलं. देवस्थळी साहेब पक्के नियमांचे, आवाज कधी न चढवणारे, आणि कुत्र्यांना मनापासून घाबरणारे. लहानपणी एका गल्लीतल्या कुत्र्याने त्यांच्या पोटरीचा लचका तोडला होता, असं इंदू सांगायची. साळू दारात बसली तेव्हा ते खुर्चीत मागे सरकले. दिल्लीकर दुसऱ्या बंदराला जाऊन दोन आठवड्यांनी परतणार होते. तोपर्यंत सुधारणा दाखवा, नाहीतर कुत्री निकाली काढावी लागेल, असं साहेबांनी सांगितलं. निकाली म्हणजे निरुपयोगी सामानाच्या लिलावात. जुने पंखे, मोडक्या खुर्च्या, आणि साळू.

घोलपने विचारलं, लिलावात मी घेऊ शकतो का? साहेबांनी कर्मचाऱ्यांना बोली लावता येत नाही असा नियम वाचून दाखवला. त्यांच्या आवाजात कटुता नव्हती, फक्त नियम होता. बाहेर आल्यावर घोलपने साळूच्या कानामागे खाजवलं आणि तिला म्हणाला, "तू काय ऐकलं न्हाईस, बरं का."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही प्रयोगशाळेच्या मागे बदामाच्या झाडाखाली जेवायला बसलो. माझी पोळीभाजी, घोलपची भाकरी आणि ठेचा, आणि इंदूचा पितळी डबा. इंदू मूळची वेंगुर्ल्याची, बोलायला तिखट आणि जेवायला त्याहून तिखट. तिने झाकण काढलं. काळ्या वाटाण्याचं सांबार होतं. वास सुटला आणि झाडाच्या पलीकडे पहुडलेली साळू उठली, सरळ आमच्याकडे आली आणि इंदूच्या पुढ्यात बसली.

इंदू म्हणाली, मेल्या घोलपा, तू तिला उपाशी ठेवतोस की काय? आणि एक वाटाणा पुढे केला. साळूने वाटाण्याकडे बघितलंसुद्धा नाही. पाठ ताठ, कान पुढे, डोळे घोलपवर.

घोलपच्या हातातली भाकरी तशीच राहिली. "बाई, ही भुकेली न्हाई," तो मला म्हणाला. "भुकेली असली की हिची शेपूट हालती. ही ड्यूटीवर बसलीया."

मी डब्याकडे बघितलं, मग साळूकडे, मग इंदूकडे. इंदूने तोंडावर हात ठेवला.

आता हे कळायला आमच्या प्रयोगशाळेचा कारभार माहीत हवा. साळूला शिकवताना ती औषधी कापडं भोकं पाडलेल्या डब्यांत ठेवायची असतात. त्यासाठी काचेच्या घट्ट बुचाच्या बाटल्या मी मागितल्या होत्या. मागणी वर गेली आणि खाली परत आली, शेरा होता : सध्या उपलब्ध साधनांवर भागवावे. सरकारी नोकरीत हा शेरा पाहिल्यावर माणूस काय करतो? घरून आणतो. कुणी घरून पंखा आणतो, कुणी पडदा. इंदूने मे महिन्यात वर्षाचा मसाला केल्यावर तो चिनी मातीच्या बरणीत भरला होता, आणि जुन्या मसाल्याचे मोकळे झालेले स्टीलचे डबे चिंच आणि राखेने घासून, उन्हात वाळवून आमच्याकडे आणले होते. आम्हाला ते चकचकीत दिसले. साळूला त्यांच्या झाकणाच्या कडेत अजून सबंध वेंगुर्ला राहत होता. ती महिनोन्‌महिने मनापासून मालवणी मसाला शोधायला शिकली होती, आणि आम्ही तिला शाबासकी देत होतो.

घोलप तेव्हा जो हसायला लागला! त्याला हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. आवाज न करता, डोळे पुसत. इंदूही हसायला लागली, मीही. आपण किती मूर्खपणा केला याने रडायला हवं होतं, पण त्या हसण्यात सुटकाच जास्त होती. कुत्री बिनकामाची नव्हती. उलट ती फार इमानदारीने चुकली होती.

इंदूला मात्र शंका आली. सगळा मसाला की त्यातलं काही? दुसऱ्या दिवशी ती मसाल्याचं सगळं सामान कागदाच्या पुड्यांत घेऊन आली. धने, लवंग, बडीशेप, बेडगी मिरची, तमालपत्र, खसखस, त्रिफळ, दगडफूल. आम्ही त्या पुड्या मागच्या फरशीवर ओळीने मांडल्या. बातमी कशी फुटली कोण जाणे, पण जेवणाच्या सुट्टीत टंकलेखन विभाग, गोदामाचे कामगार, पोस्टाचे दोघे, सगळे कठड्यावर रांगेत. लवंगेवर पैज लागली, मिरचीवर तर जास्तच. पोस्टातला एकजण म्हणाला, कुत्रं म्हटलं की मिरचीच. इंदूने त्याला विचारलं, तुझ्या घरी कुत्र्याला मिरची घालतात काय?

साळू ओळीवरून चालली. लवंग ओलांडली. मिरचीला शिंकली आणि पुढे गेली. त्रिफळाकडे नीट लक्ष दिलं, पण बसली नाही. दगडफुलापाशी आली आणि बसली. खडकावर उगवणारी ती करड्या रंगाची वाळकी पानं, ज्यांचं नावही निम्म्या लोकांना येत नाही. टाळ्या वाजल्या. साळूने जीभ बाहेर काढून सगळ्या कठड्याकडे बघितलं. तिला वाटलं असावं की आज तिने जगातला सर्वांत मोठा गुन्हा उघडकीला आणला.

आता साहेबांना सांगायचं होतं. मी एकटीच गेले. इंदूचे डबे, परत आलेली मागणी, दगडफूल, सगळं सांगितलं. त्या शेऱ्याखाली सही कोणाची, हे मी बोलले नाही. त्यांना माहीतच होतं.

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. खिडकीबाहेर बघितलं.

"टिपणीसबाई," ते शेवटी म्हणाले, "बाटल्या किती लागतील?"

त्याच संध्याकाळी ते स्वतः प्रिन्सेस स्ट्रीटला काचसामानाच्या दुकानात गेले आणि टॅक्सीत मांडीवर खोकं घेऊन परत आले. पैसे कुठून दिले ते कुणी विचारलं नाही. खोकं त्यांनी लांबूनच माझ्याकडे दिलं, कारण साळू माझ्या पायाशी बसली होती.

मग खरं काम सुरू झालं, आणि माझ्या नोकरीतले ते सगळ्यांत सुखाचे दिवस होते. आधी आम्ही सगळे वास धुऊन काढायला लागलो. माझा मोगऱ्याचा गजरा गेला. घोलपची तंबाखू गेली, त्याला ते फार जड गेलं. नमुन्याची बाटली ज्याने हाताळली, त्यानेच रिकामी बाटलीही हाताळायची, म्हणजे आमच्या हाताचा वास हीच खूण होऊन बसायला नको. हे मी इंदूला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मॅडम, आता आंघोळ पण सरकारी साबणाने करू काय?" तरी दुसऱ्या दिवशी ती बिनवासाच्या साबणाने आंघोळ करून आली आणि सबंध दिवस तक्रार करत राहिली की मी मलाच ओळखत नाही.

मग बाटल्यांची ओळ. एकीत काही नाही. एकीत नुसतं जाळीचं कापड. एकीत औषध विरघळवायचा द्रव कापडावर सुकवलेला, पण औषध नाही. एकीत इंदूचं दगडफूल. आणि एकीत खरं. रोज जागा बदलायची. ओळीवरून साळू येणार, दगडफुलापुढे ताठ बसणार आणि घोलपकडे बघणार. घोलप दगडासारखा उभा. शाबासकी नाही, बक्षिसाचा चेंडू नाही, एक शब्द नाही. तेव्हा साळू त्याच्याकडे ज्या नजरेने बघायची ती मी विसरणार नाही. जन्मभर बरोबर शिकवलेलं गणित मास्तरांनी अचानक चुकीचं ठरवावं, तशी. घोलपला ते बघवेना. तो मान वळवून समुद्राकडे बघत उभा राहायचा. पहिल्या आठवड्यात तीन-चारदा त्याने मला विचारलं, बाई, एकदा तरी चेंडू देऊ का? मी नाही म्हटलं.

आठवड्याअखेरीला एका सकाळी ती दगडफुलापाशी आली, थांबली, विचार केला आणि चक्क पुढे गेली. खऱ्या बाटलीपाशी पोचली, नाक लावलं, परत लावलं आणि बसली. घोलपने चेंडू असा उंच फेकला की तो प्रयोगशाळेच्या छपरावर गेला. तो काढायला इंदू शिडीवर चढली.

दिल्लीकर परत आले. तीच रांग, तेच साहेब, तोच चकलीचा वास. या वेळी मी मुद्दाम रांगेत इंदूच्या मसाल्याचं एक पार्सल ठेवलं होतं आणि तसं पाहुण्यांना सांगितलंही होतं. साळू आली. मसाल्यापाशी तिची चाल मंदावली, शेपटीने एकदा विचारलं, आणि ती पुढे गेली. इंदूने श्वास सोडला तो मला ऐकू आला. पुढच्याच वळणावर साळू एका खोक्यापुढे बसली. उंच अधिकारी टाळ्या वाजवू लागले. तोच नमुना होता. घोलपने चेंडू दिला. साहेबांनी रुमालाने कपाळ टिपलं.

इथे परीक्षा संपली असती. पण घोलपच्या शिस्तीत रांग अर्धी सोडायची नाही हे होतं. त्याने चेंडू खिशात घातला आणि साळूला उरलेल्या रांगेवरून नेलं. शेवटून दुसऱ्या पार्सलापुढे ती पुन्हा बसली.

त्या पार्सलात आमच्यापैकी कुणी काही लपवलेलं नव्हतं. दिल्लीकरांनी एकमेकांकडे बघितलं. वर लिहिलं होतं : टिकल्या आणि बांगड्या, किरकोळ भेट. नवं यंत्र आणलं, पार्सलाच्या शिवणीवरून पट्टी पुसून यंत्रात घातली. यंत्र गप्प राहिलं. उंच अधिकारी सज्जन होते. ते माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले की कुत्री थकली असेल, आपण पहिलंच बसणं धरू, ती उत्तीर्ण झाली असं लिहून टाकतो. हे उघडलं आणि काही निघालं नाही, तर मला तसं लिहावं लागेल. खोट्या खुणेवर दिवाळीची पार्सलं अडकवणारा कुत्रा कुठलंच खातं ठेवत नाही.

म्हणजे साळू वाचली होती. मला फक्त गप्प राहायचं होतं.

मी घोलपकडे बघितलं. साळू अजून बसलेलीच होती, पाठ ताठ, डोळे त्याच्यावर. पट्टा त्याच्या हातात घट्ट होता. लिलावाची गोष्ट त्याला माझ्याइतकीच आठवत होती. मी त्याला विचारलं, "घोलप, काय करायचं?"

त्याने साळूकडे बघितलं. मग म्हणाला, "बाई, तिला शिकवलं आपण की खरं असंल तरच बस. आता ती बसली. आता आपणच तिला ऊठ म्हनायचं, तर मग शिकवलं कशाला?"

"उघडा," मी म्हणाले.

साहेब पुढे आले. साळूपासून दोन पावलांवर थांबले, तेवढं जवळ ते कधीच आले नव्हते. "माझ्या सहीने उघडा," ते म्हणाले.

आत टिकल्यांची पाकिटं निघाली. लाल, मरून, हिरव्या, चंद्रकोरी, खड्यांच्या. शेकडो. काचेच्या बांगड्या, एक आरसा. बस. पाहुण्यांचा चेहरा मावळला. कामगार हळूहळू पांगले. मी पाकिटं बंद पिशवीत घालून प्रयोगशाळेत घेऊन गेले, हातमोजे चढवले, तोंडावर मुखवटा बांधला आणि एकेक पाकीट उजेडात धरायला लागले. टिकल्या चिकटवलेला जाड कागद काही पाकिटांत दोन पदरी होता. कडेला किंचित फुगीर. एवढंच.

त्या दोन पदरांमधली कणभर भुकटी मी प्रयोगशाळेतल्या मोठ्या यंत्राला दिली. त्या यंत्राला घाई कळत नाही. रात्री मी घरी गेले, झोप आली नाही, सकाळी परत आले. घोलप प्रयोगशाळेच्या पायरीवर बसला होता, साळू त्याच्या पायावर हनुवटी टेकून. इंदूने सकाळपासून देवाच्या नावाने इतके नवस केले होते की ती फेडत बसली असती तर निवृत्तीच आली असती.

दुपारी आलेख निघाला. फेंटानिल नव्हतं. मी खचले. मग मी तोच आलेख परत बघितला आणि अंगावर काटा आला. आलेखावर फेंटानिलच्या शेजारीच होतं ते, त्याचंच भावंड, आमच्या यंत्रांनी नाव न ऐकलेलं. गोदामातल्या यंत्राला शिकवलेलं नव्हतं म्हणून ते गप्प राहिलं होतं. साळूला नावं शिकवली नव्हती. तिला त्या घराण्याचा वास शिकवला होता.

मी बाहेर आले. आलेख उंच धरला आणि मान हलवली. इंदूने ओरडून सगळं आवार गोळा केलं. घोलपने साळूचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि तिच्या कपाळाला कपाळ टेकलं, आणि तसाच राहिला. आरडाओरडा ऐकून साहेब पायऱ्यांवर आले. माझ्या हातातला आलेख वाचला. मग घोलपकडे हात पुढे केला. घोलपला कळेना. "चेंडू द्या," साहेब म्हणाले. त्यांनी तो हातात घेतला, साळूने उठून शेपटी हलवली तेव्हा एक पाऊल मागे गेले, डोळे मिटले आणि फेकला. फेक अगदीच जवळ पडली. साळूने तरी मोठ्या तोऱ्यात तो परत आणला आणि त्यांच्या चपलेवर ठेवला. साहेब हलले नाहीत. आम्ही पाहिलं, त्यांना घाम फुटला होता आणि ते हसत होते.

संध्याकाळी दिल्लीकरांसमोर अहवाल वाचला गेला. पहिल्या परीक्षेचा भाग आला तेव्हा साहेब मधेच थांबले आणि कागद बाजूला ठेवून म्हणाले, "पहिल्या वेळी श्वान चुकली नाही. आमचे डबे चुकले. आणि बाटल्या मी नाकारल्या होत्या. हे लिहून घ्या." एवढ्या वर्षांत मी कुठल्याही साहेबाच्या तोंडून असं वाक्य ऐकलं नव्हतं. त्यानंतरही ऐकलं नाही.

टिकल्यांच्या पार्सलावरचा पत्ता खोटा निघाला, पण पाकिटांतल्या त्या दोन पदरी कागदाचा माग काढत पुढच्या उन्हाळ्यात दुसऱ्या राज्यातला एक कारखाना बंद झाला. मी त्याचं श्रेय घेत नाही. माझ्या बाटल्यांची पद्धत, ती रिकाम्या बाटलीची आणि दगडफुलाच्या बाटलीची, पुढे दुसऱ्या बंदरांवरही गेली. निवृत्त झाल्यावर मी चार वर्षं ती शिकवत फिरले. आता गुडघे बोलतात, मी ऐकते.

देवस्थळी साहेब दापोलीला घर बांधून राहिले. गेले तेव्हा सत्तरीच्या पुढे होते. शेवटपर्यंत कुत्र्यांना घाबरत राहिले, असं त्यांची सून सांगते. फक्त फाटकाच्या बाहेर गावातल्या कुत्र्यांसाठी रोज भाकरी ठेवायला लावत. इंदूने निवृत्तीनंतर कणकवलीला मसाला विकायला सुरुवात केली. आता तिची भाची ते बघते, आणि वर्षाला एक बरणी माझ्याकडे येते. इंदू स्वतः सत्तरी पार, अजून शिव्या देते.

साळूने पुढे सहा वर्षं नोकरी केली. तिच्या निवृत्तीच्या वेळी साहेबांनी आणखी एक सही केली, बदलीवर जाण्याच्या आदल्या दिवशी. निवृत्त श्वान तिच्या हवालदाराला देण्यात यावे, नियमाला अपवाद म्हणून. तो अपवाद पुढे नियमच झाला. घोलपनेही लवकर नोकरी सोडली आणि तिला घेऊन माण तालुक्यातल्या आपल्या गावी गेला.

मी एकदा गेले होते तिकडे, बेंदराला. बैलांची शिंगं हिंगुळाने रंगवलेली, अंगावर झुली, गळ्यात घुंगरांच्या माळा, सगळा गाव रस्त्यावर. मिरवणुकीच्या पुढे वाजंत्री, वाजंत्रीच्या मागे साळू, गळ्यात लाल गोंडा, तोंडाजवळ पांढरी झालेली, हळूहळू, सरळ रेषेत चालणारी. घोलप तिच्या शेजारी, डोक्याला फेटा. बैल तिच्या मागे. कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

माझ्या शेजारी एक म्हातारा उभा होता. त्याने घोलपला हाक मारून विचारलं, "हणमंता, हिनं सरकारचं असं काय केलं रं, की हिला बैलांच्या म्होरं घेतली?"

घोलप थांबला नाही. चालता चालताच म्हणाला, "तात्या, हिनं सरकारला चूक कबूल करायला लावली."

म्हाताऱ्याने क्षणभर विचार केला. मग डोक्यावरचं पागोटं काढलं आणि ती पुढे जाईपर्यंत छातीशी धरून उभा राहिला.